शवपेटीबद्दल सात मिनिटं

९ मार्च, रविवार

आज समितीचं पत्र आलं. आमच्या वस्तीच्या, म्हणजे लेआउटच्या, समाजभवनात ठेवलेली शवपेटी तिथं राहू द्यायची की हलवायची, याचा निर्णय २० एप्रिलच्या सभेत होणार. बाजू मांडायला मला सात मिनिटं दिली आहेत. पत्रावर अध्यक्ष नत्थूजींची सही आहे. ते पत्र त्यांनी स्वतःच आणून दिलं, चहा घेतला, उन्हाळा लवकर लागला म्हणाले आणि गेले. पेटीबद्दल एक शब्द नाही.

तक्रार अशी की हॉलमध्ये बारशी होतात, साक्षगंध म्हणजे साखरपुडे होतात, आणि कोपऱ्यात ही पेटी. मी तिच्यावर फुलाफुलांची चादर टाकून ठेवली होती. मागच्या महिन्यात एका साक्षगंधाला केटरिंगवाल्यांनी तिच्यावर सलाद मांडलं. लोकांनी खाल्लंही. मग मुलीच्या मामानं चादर उचलून पाहिली.

पेटी मी स्वतः बनवली आहे. बर्डीच्या बाजारात पस्तीस वर्षं फ्रीज दुरुस्तीचं दुकान चालवलं, तेव्हा अवघड नव्हतं. आइस्क्रीमच्या दोन जुन्या डीप फ्रीजरांतून एक पेटी निघाली. स्टिकर खरवडायलाच चार दिवस लागले. वर काच आहे, चेहरा दिसतो. बाहेर पंचेचाळीस अंश असलं तरी आत चार. दूरगावचं कोणी यायचं असेल तर बहात्तर तास थांबता येतं. सेवा मोफत. जानेवारीपासून तयार आहे आणि आजपर्यंत एकही फोन आलेला नाही.

शामला म्हणाली, "फोन नाही आला त चांगलंच आहे ना. कोणी मेलं नाही."

बायको म्हणून तिचं बरोबर आहे, पण लोक मरतातच, त्यांच्या घरच्यांना पेटी माहीत नसते. म्हणजे प्रसिद्धी कमी पडते आहे. तेव्हा आजपासून दोन कामं, भाषण आणि प्रसिद्धी. दोन्हींचा हिशेब राहावा म्हणून ही डायरी.

१२ मार्च, बुधवार

शालिकरामजींना घरी बोलावलं. लेआउटमध्ये गणपतीपासून सेवानिवृत्तीपर्यंत कोणताही कार्यक्रम असो, सूत्रसंचालन त्यांचंच. त्यांनी मला चार गोष्टी सांगितल्या. सुरुवात विनोदानं करायची. चेहरा हसरा ठेवायचा. समोरच्या तिघांच्या डोळ्यांत आळीपाळीनं पाहायचं. आणि स्वतःचा एक अनुभव सांगायचा.

"लोकायले आकडे नाही लागत भाऊ, अनुभव लागते," ते म्हणाले. "तुमाले हे पेटीचं सुचलं काहून, ते सांगा. भाषण तिथंच बसते."

मी म्हटलं, मेकॅनिकला अशा गोष्टी सुचतच असतात. त्यांनी ते लिहून घेतलं. शामला पोहे घेऊन आली होती. तिनं बशी जरा जोरात ठेवली.

विनोद मला एकच येतो. फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच बंद होतो का, त्यावरचा आहे. या विषयाला तो चालेल का, याचा विचार करतो आहे.

१६ मार्च, रविवार

पहिली तालीम बागेतल्या हास्य क्लबात घेतली. शालिकरामजींचीच ओळख. पंचवीस-तीस माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, म्हणजे श्रोते योग्य होते. मी हसऱ्या चेहऱ्यानं सुरुवात केली आणि समोरच्या तिघांच्या डोळ्यांत पाहत बहात्तर तासांचं सांगितलं. तिघांपैकी एक उठून नळाकडे गेले. बाकीच्यांनी खाली पाहायला सुरुवात केली. सहाव्या मिनिटाला क्लबच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "चला, आता सगळ्यांनी हात वर," आणि सगळे जोरजोरात हसू लागले. कार्यक्रमाचा तो भागच असतो. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

कार्डं वाटली. एका आजोबांनी कार्ड परत आणून दिलं, म्हणाले, सध्या नको.

१९ मार्च, बुधवार

भाषणाचा पहिला मसुदा शामलाला वाचून दाखवला. तेवीस मिनिटं झाली. कॉम्प्रेसरचा भाग ती लक्ष देऊन ऐकत होती असं मला वाटलं, पण ती वाल सोलत होती.

शेवटी म्हणाली, "बापूजीचं नावच नाही याच्यात."

मी म्हटलं, भाषण पेटीबद्दल आहे. ती म्हणाली, "मंग कोणाबद्दल आहे पेटी?" आणि सालं उचलून आत गेली.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. माझे वडील, बापूजी, १८ मे २०२२ ला पहाटे गेले. धाकटी बहीण गोपिका तेव्हा सुरतला तिच्या मुलीकडे, हर्षाकडे होती. तब्येत बिघडल्याचं कळलं तशी ती आदल्या रात्री निघाली होती. गाडी अकराला यायची ती चारला आली. आम्ही बापूजींना एक वाजता नेलं. ऊन फार होतं आणि बर्फ मिळाला नाही. गोपिका स्टेशनवरून थेट घरी आली तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. तेरवीपर्यंत राहिली आणि कामठीला आपल्या घरी गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. शामलाला फोन करते. कामठी इथून चाळीस मिनिटांवर आहे.

याचा भाषणाशी संबंध नाही.

२५ मार्च, मंगळवार

प्रसिद्धिपत्रक घेऊन एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. तिथल्या उपसंपादकांनी उभ्या उभ्या वाचलं. "वापरली का कोणी?" मी म्हटलं, अजून नाही. "मग कोणी वापरली की या."

मी म्हटलं, तिची बातमी आल्याशिवाय कोणी वापरणार कशी. हे त्यांना पटलं असावं. पत्रक ठेवून घेतलं. कामठीचं वेगळं पान असतं का, विचारलं. असतं म्हणाले. त्यातही टाका म्हटलं. त्यांनी विचारलं, सेवा कामठीत आहे का? मी म्हटलं, नाही, पण वाचक सगळीकडे असतात.

२८ मार्च, शुक्रवार

बातमी आली. चार ओळी, पाणी बंद राहण्याच्या सूचनेखाली. नाव सुशील बारापात्रेऐवजी सुनील बारापात्रे छापलं आहे. फोन नंबर नाही.

कामठीच्या पानावर आली का, हे इथल्या अंकावरून कळत नाही. म्हणून स्टँडवर गेलो आणि कामठीहून आलेल्या बसमधून उतरणाऱ्यांना पेपर आहे का विचारलं. सहाव्या माणसाकडे होता. बातमी होती. त्याच्याकडून अंक मागून घेतला, आणखी एक दुसऱ्याकडून घेतला.

शामलानं विचारलं, "दोन-दोन कायले?" मी म्हटलं, एक फायलीला, एक असाच.

४ एप्रिल, शुक्रवार

कामठीला जाऊन आलो. सेवेचा विस्तार करायचा असेल तर तिथं कार्डं पोचायला हवीत. गोपिकाच्या गल्लीत तिच्या घरासमोर एक किराणा दुकान आहे, ते मध्यवर्ती वाटलं. तीस कार्डं ठेवली. दुकानदार म्हणाला, "उदबत्तीच्या बाजूले ठेवतो."

तिचं दार उघडं होतं. दोरीवर साड्या वाळत होत्या. आत कोणीतरी कुकरच्या शिट्या मोजत होतं, तिचाच आवाज होता. मी कामासाठी गेलो होतो, त्यामुळे थांबलो नाही. दुकानातून बिस्किटाचा पुडा घेतला, तो बसमध्ये विसरलो.

११ एप्रिल, शुक्रवार

पाचवी तालीम. भाषण आता सात मिनिटं दहा सेकंदांत बसतं. फ्रीजच्या दिव्याचा विनोद काढला, कॉम्प्रेसर अर्ध्यावर आणला आणि शामलाच्या समाधानासाठी एक वाक्य घातलं, "माझ्या वडिलांच्या वेळी बर्फ मिळाला नाही, म्हणून माझ्या बहिणीला त्यांचं अंत्यदर्शन घडलं नाही."

शालिकरामजी खुर्चीत पुढे सरकले. "हेच पाहिजे होतं. हे वाक्य झालं का थांबा, मनात चार मोजा, मंग पुढं जा. हॉल तुमचा."

त्या वाक्याशी मी दोनदा अडखळलो. पाण्याचा ग्लास जवळ ठेवावा लागेल. बाकी भाषण तोंडपाठ आहे, तेवढं एक वाक्य कागदावर पाहूनच वाचतो.

१५ एप्रिल, मंगळवार

सभेआधी वातावरण तयार व्हावं म्हणून फ्लेक्स करायला टाकला. चौकातल्या विक्कीकडे फ्लेक्सचा धंदा आहे. मजकूर दिला, फोटो दिला. फोटो मी हात जोडलेला निवडला, सेवेचा भाव दिसावा म्हणून. त्यात डोळे थोडे मिटले आहेत, पण चेहरा शांत आहे. विक्कीनं विषय विचारला, मी शवपेटी सांगितलं. तो म्हणाला, "समजलो काका. याची डिझाइन रेडीच असते."

डिझाइन फोनवर पाहिलं. चांगलं झालं आहे. फिकट निळं आभाळ, एका बाजूला समई, खाली पांढरी फुलं. मधोमध माझा फोटो, त्याखाली मोठ्या अक्षरांत नाव. अगदी खाली 'समस्त मित्रपरिवार व लेआउटवासी'. सेवेची माहिती आणि नंबर लहान अक्षरांत गेले, पण जागाच तेवढी होती. लाल-पिवळ्या फ्लेक्सांच्या गर्दीत हा उठून दिसेल. मी होकार दिला.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी फ्लेक्स चौकात लागला. परिणाम लगेच जाणवला. दुपारी मी बँकेतून येत होतो तेव्हा एक अनोळखी गृहस्थ गाडी थांबवून फ्लेक्ससमोर हात जोडून उभे होते. आजवर माझ्या कामाला असा मान मिळाला नव्हता. मी हेल्मेट घातलेलं होतं, ओळख द्यावी की नाही कळेना. दिली नाही.

कोणीतरी फ्लेक्सचा फोटो काढून समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत त्याखाली सत्तेचाळीस जणांनी जोडलेले हात टाकले. सभेआधीच एवढा पाठिंबा. मीही खाली जोडलेले हात टाकून आभार मानले. त्यानंतर ग्रुपवर कोणीच काही लिहिलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी शामला देवळात गेली होती, फोन घरी ठेवून. आठपासून तो वाजायला लागला. पडद्यावर गोपिकाचं नाव होतं. तिचा फोन शामलासाठी असतो, म्हणून मी उचलला नाही. नऊ वेळा वाजला. नवव्या वेळी मी हातात घेतला होता, तेवढ्यात बंद झाला.

दहाच्या सुमारास दारात ऑटो थांबला. मी बनियनवर होतो, भाषणाचा कागद हातात होता. दार उघडलं तर गोपिका. केस तसेच, पायात दोन वेगळ्या चपला. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग दाराची चौकट धरून खालीच बसली.

"तू त जिता आहेस," ती म्हणाली.

तीन वर्षांनंतरचं हे तिचं पहिलं वाक्य. मी हो म्हटलं.

तिनं फोन पुढे केला. ग्रुपवरचा फ्लेक्स होता. मी तो आजवर फक्त कामाच्या नजरेनं पाहिला होता. आता तिच्या हातात पाहिला. समई, पांढरी फुलं, मिटलेले डोळे, मित्रपरिवार. मेलेल्या माणसाचाच फ्लेक्स होता तो. माझा.

मी पाणी आणलं. तिनं घेतलं नाही. रडत होती आणि रागातही होती.

"फोन लावून लावून थकली. कोणी उचलेना. ऑटोत बसून एकच म्हणून राहिली होती, थांबवा रे बाबा याले, मी येईपर्यंत नेऊ नका. मंग आठवलं, तुयाजवळ त पेटी आहे. तवा जरा बरं वाटलं."

म्हणजे कामठीत बातमी पोचली होती. हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. लाजही वाटली.

शामला आली. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. मी बाजूला उभा होतो. मग गोपिका डोळे पुसून म्हणाली, "दाखव मले ते पेटी."

तिघंही समाजभवनात गेलो. मी चादर काढली, पेटी चालू केली. गोपिकानं झाकण उचलून हात आत घातला आणि गार लागेपर्यंत तसाच ठेवला.

"किती येळ ठेवता येते?"

"बहात्तर घंटे."

"मले तीनच पाहिजे होते," ती म्हणाली.

तिनं हात काढला, पदराला पुसला. "बरफ नव्हता ना भेटला त्या दिवशी? शामला वहिनी सांगे."

मी कागदावरचं वाक्य सांगणार होतो. पाच तालमी झाल्या होत्या. पण समोर ती होती आणि ते वाक्य खोटं होतं.

"भेटत होता," मी म्हटलं. "नत्थूजीनं विचारलं होतं, आणू का म्हणून. मीच नाही म्हटलं. माणसं उन्हात उभी होती. कोणी घड्याळ पाहत होतं, कोणी ऑफिसचं बोलत होतं. मले लाज वाटली. तू येशीन तवा पाहू म्हटलं, आणि उचला म्हटलं."

हे मी शामलालाही कधी सांगितलं नव्हतं. दुकानात त्या दिवशी तीन फ्रीज चालू उभे होते, तेही सांगितलं. पस्तीस वर्षं लोकांचं दूध नासू दिलं नाही आणि स्वतःच्या बापाला तीन तास ठेवता आलं नाही.

गोपिकानं झाकण हळूच लावलं, वर चादर घातली, चारी कोपरे सारखे केले. शामला जेवून जा म्हणाली. ती नको म्हणाली आणि आली त्याच ऑटोनं परत गेली. तो थांबलेला होता, हे मला दिसलंच नव्हतं.

संध्याकाळी फ्लेक्स उतरवला. विक्की म्हणाला, "काका, डिझाइन त तुमीच ओके केली होती." ते खरं आहे.

२० एप्रिल, रविवार

सभा झाली. चाळीसेक माणसं होती. शालिकरामजींनी माझी ओळख 'आपल्यात असलेले सुशीलभाऊ' अशी करून दिली, त्यावर थोडे हसले.

बर्फाचं वाक्य मी कालच खोडलं होतं. त्याच्या जागी काय घालायचं ते सुचलं नव्हतं. तिथंपर्यंत भाषण चांगलं चाललं, तापमान, बहात्तर तास, सगळं बरोबर आलं. त्या जागेशी आलो आणि थांबलो. समोर नत्थूजी बसले होते. बर्फाचं त्यांना माहीत आहे. तीन वर्षांत त्यांनी ते कोणाला सांगितलेलं नाही. ते बुटांकडे पाहू लागले.

मी चारच्या पुष्कळ पुढे मोजलं. शालिकरामजींना वाटलं भाषण संपलं, त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मी खाली बसलो. चार मिनिटं झाली होती.

मतदान हात वर करून झालं. हलवावी, एकोणतीस. राहू द्यावी, सहा. बाकीचे तोवर चहाकडे गेले होते. नत्थूजींचा हात सहांमध्ये होता.

२२ एप्रिल, मंगळवार

पेटी घरी आणली. पोर्चमध्ये ठेवली, स्कूटर बाहेर काढली. शामला म्हणाली, "राहू द्या. पापड वाळवाले बरी आहे." मग म्हणाली, नाही, तसं करणार नाही. गोपिकाचा फोन आला का, असं मी विचारलं नाही. आला नाही, असं तिनंच सांगितलं.

भाषणाचे कागद रद्दीत टाकले. प्रसिद्धीचं काम थांबवलं आहे.

३ मे, शनिवार

सकाळी आठला फोन आला. कामठीहून, अनोळखी माणूस. त्याचा मोठा भाऊ पहाटे गेला. "पुतणी पुण्याहून निघाली आहे, संध्याकाळपर्यंत पोचन. आमच्या गल्लीतल्या गोपिकाबाईनं नंबर देला. म्हणे, माया दादाले फोन करा, तो थांबवून ठेवते."

आवाज स्पष्ट येत होता, तरी मी म्हटलं, नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

टेम्पो मागवला. शामलानं एक बाजू धरली. दहाला कामठीत पोचलो. अंगणात मंडप, माणसं, बायका एका बाजूला. त्यांच्यातून गोपिका उठली आणि एक स्टूल सरकवून प्लग कुठं आहे ते दाखवलं. मी वायर लावली. अर्ध्या तासात पेटी चार अंशांवर आली.

दुपारी बाहेर चव्वेचाळीस होतं. तीननंतर माणसं चुळबुळ करू लागली. एकानं घड्याळ पाहिलं, मग दुसऱ्यानं. एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "किती येळ अजून?" सगळे माझ्याकडे पाहत होते. मला लाज वाटली, नाही असं नाही.

"पोरगी येईपर्यंत," मी म्हटलं.

पोरगी पाच वाजून वीस मिनिटांनी आली. ऑटोतून उतरून धावत आली आणि काचेवर दोन्ही हात ठेवून वाकली. बापाचं तोंड पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मी मोजलं नाही. गोपिका तिच्या मागे उभी होती, तिची पाठ धरून. तीही काचेतून पाहत होती, आणि पोरीपेक्षा जास्त रडत होती.

त्यांनी तिरडी उचलली तेव्हा मी वायर गुंडाळत होतो. गोपिका जवळ आली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "घाटावर जाशीन ना तू?"

मी म्हटलं, जाईन.

"मंग तिथून इकडेच ये. आंघोळीले पाणी काढून ठेवते. आंघोळ कर, जेव, मंग जा."

मी हो म्हटलं.